जुन्या इन्सर्टला लायनर: आखूड, पूर्ण, की इन्सर्टच नवा?

मॅसॅच्युसेट्समधलं आमचं घर १९५०च्या दशकातलं. आधीच्या मालकांनी फायरप्लेसमध्ये लाकूड जाळायचा लोखंडी इन्सर्ट, म्हणजे आत बसणारी बंद दाराची शेगडी, नुसता सरकवून ठेवला होता. धूर त्याच्या तोंडातून निघायचा आणि वरच्या रुंद चिमणीत वाट फुटेल तसा जायचा. दोन हिवाळे आम्ही त्यात लाकडं जाळली. तिसऱ्या वर्षी इन्सर्ट बाहेर ओढला, तर मागच्या कट्ट्यावर भुसभुशीत काजळीऐवजी डांबरासारखा थर. काळा, चकचकीत, नखाने खरवडला तरी हलेना. हे क्रिओसोट, गार झालेल्या धुरातून साचणारं. ते पेटलं की चिमणीत तापमान हजार अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

इन्सर्ट मोजक्याच हवेवर जळतो, त्यामुळे त्याचा धूर कमी आणि सावकाश निघतो. मोठ्या, गार चिमणीत तो आणखी रेंगाळतो, १२० अंशांच्या खाली आला की भिंतींना चिकटतो. म्हणून लायनर, म्हणजे चिमणीच्या आत घालायची धातूची नळी, हवाच. प्रश्न आहे तो कोणता.

आखूड लायनर इन्सर्टच्या तोंडापासून चिमणीच्या आतल्या अस्तराच्या पहिल्या मातीच्या नळीपर्यंतच जातो, भोवतीची फट पत्र्याने बंद करतात. खर्च कमी, काम झटपट. पण वरची चिमणी रुंद ती रुंदच राहते. एनएफपीए २११ या अमेरिकी मानकानुसार चिमणी बाहेरच्या भिंतीवर असेल, तर तिचं आतलं क्षेत्रफळ इन्सर्टच्या तोंडाच्या दुपटीपेक्षा जास्त नको. घराच्या आत असेल तर तिपटीपर्यंत चालतं. आमचं तोंड ८ इंची, म्हणजे ५० चौरस इंच. चिमणी बाहेरच्या भिंतीवर, आतून ११ बाय ११, म्हणजे १२१. तिथेच हा पर्याय बाद झाला. मातीच्या नळीला तडे असतील तर त्याचा विचारही करू नका. शिवाय सफाईला बऱ्याचदा इन्सर्ट बाहेर काढावा लागतो.

पूर्ण लायनर थेट वरच्या टोपीपर्यंत जातो. धूर गरम राहतो, त्याला वर ओढ चांगली मिळते, आणि ब्रश वरून खाली फिरवला की काजळी इन्सर्टमध्ये पडते. यात लवचिक नळी वाकड्या चिमणीतूनही उतरते. कडक नळी आतून गुळगुळीत आणि जास्त टिकाऊ, पण तिला चिमणी सरळ लागते. फक्त लाकूड जाळणार असाल तर ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील पुरतं. कोळसाही जाळायचा असेल तर ३१६ घ्या. बाहेरच्या भिंतीवरच्या चिमणीत सिरॅमिक लोकरीचं वेष्टण वगळू नका. अर्ध्या इंचाच्या वेष्टणाने नळीची जाडी एकूण इंचभर वाढते, ते धरून माप घ्या.

आता खरा पेच. आमच्यासारख्या १९८०च्या आसपासच्या बऱ्याच इन्सर्टचं तोंड ८ इंची असतं, तर आजच्या बहुतेक इन्सर्टचं ६ इंची. जुन्यासाठी ८ इंची लायनर घातला आणि पुढे इन्सर्ट बदलला, तर तो लायनर नव्याला मोठा पडतो. उलट जुन्याला ६ इंची लावला, तर दार उघडताच धूर खोलीत. त्यातून ईपीए या अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या १९८८च्या नियमांआधीचे इन्सर्ट धूर जास्त करतात, म्हणजे क्रिओसोटही जास्त.

जुन्या इन्सर्टचे सांधे आणि दाराची फट बंद करणारी दोरी धड असेल, तो अजून दहा वर्षं वापरायचा असेल, तर ८ इंची पूर्ण लायनर बेशक घाला. आमच्या इन्सर्टची मागची पट्टी चिरली होती. त्यावर लायनरचा खर्च करायला मन धजेना. नवा ६ इंची इन्सर्ट, वेष्टणासकट लवचिक ३१६ लायनर, आणि जुना डॅम्पर, म्हणजे चिमणीची झडप, कापला तिथे पत्र्याचा पडदा, असं करून घेतलं. काम परवानाधारक माणसाकडून, गावाच्या बिल्डिंग खात्याची परवानगी काढून.

पहिल्या थंडीनंतर चिमणी साफ करणाऱ्या स्वीपने ब्रश फिरवला. खाली पडली ती तपकिरी, कोरडी भुकटी, जेमतेम दोन ओंजळी.