अंबडमध्ये बनवून घेतलेला इंजिन वेल्डरचा स्किड: काय जमलं, काय राहिलं

नाशिकमध्ये इंजिन वेल्डर, म्हणजे डिझेल इंजिनावर चालणारं वेल्डिंग मशीन, एका जागी टिकत नाही. आज सिन्नरला शेडचं काम, उद्या दिंडोरीला वायनरीची पाइपलाइन, परवा निफाडच्या बागेत मांडवाचे अँगल. डिझेल भरलेलं ४०० अँपिअरचं मशीन साधारण ५०० किलोचं असतं. ते दर वेळी पहारी लावून गाडीत सरकवलं की मशीनचा पत्रा चेपतो आणि माणसांची बोटं धोक्यात येतात. म्हणून स्किड, म्हणजे मशीन ज्यावर बसवून ओढता-उचलता येतं तो लोखंडी सांगाडा. अंबड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमधून बनवून घेतलेल्या स्किडचं हे परीक्षण. मत आधीच सांगतो: खालचा सांगाडा उत्तम आहे, उचलण्याची व्यवस्था चुकलेली होती, आणि स्किडमध्ये उचलण्याची व्यवस्था हीच मुख्य गोष्ट आहे.

माप १८०० बाय ९०० मिलिमीटर. रनर (जमिनीला टेकणारे लांब पाय) दोन, प्रत्येकी १०० बाय ५० चे दोन चॅनेल (C आकाराचे लोखंडी बार) तोंडाला तोंड लावून केलेली पेटी. त्यावर आडवे सहा चॅनेल, ७५ बाय ४० चे. वर डेक म्हणून ५ मिलिमीटरची चेकर प्लेट (नक्षी उठवलेला जाड पत्रा) आणि भोवती ५० बाय ६ च्या पट्टीचा उभा काठ. एकेरी चॅनेलचा रनर जमिनीला ५० मिलिमीटरच टेकतो, पेटीचा १०० टेकतो, आणि ओढताना पिळतही नाही. तरी निफाडच्या ओल्या काळ्या मातीत खाली लाकडी स्लीपर टाकायलाच हवेत. रनरची टोकं ४५ अंशांत वर कापून प्लेटने बंद केली आहेत, त्यामुळे ओढताना ती नांगरासारखी मातीत शिरत नाहीत. टॅक (तात्पुरते वेल्ड) मारण्याआधी काटकोनाच्या गुण्यावर न थांबता दोन्ही कर्ण टेपने जुळवले होते. काम करणारा जाणकार आहे हे तिथेच कळतं.

फोर्कलिफ्टचे काटे घालायचे पॉकेट आडव्या चॅनेलच्या जोड्यांमध्ये आहेत. वर ६ मिलिमीटरची प्लेट, म्हणजे काट्यावर वजन पत्र्याचं येत नाही, चॅनेलचं येतं. खालून दोन्ही टोकांना आडवी पट्टी. ही खालची पट्टी बरेच जण गाळतात. ती नसेल तर काटे थोडे कमी आत गेल्यावर स्किड पुढे कलंडतो आणि त्याला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. इथे ती आहे, छान आहे.

आता लिफ्टिंग लग, म्हणजे स्किड उचलण्यासाठीचे भोक असलेले कान. चारही लग चेकर प्लेटवर वरून वेल्ड करून आले होते. बीड (वेल्डची रेघ) दिसायला सुरेख, पण खाली चॅनेल नव्हताच. म्हणजे ओढ सगळी ५ मिलिमीटरच्या पत्र्यावर. पत्रा आधी फुगतो, मग वेल्डच्या कडेने फाटत जातो. लग प्लेटला खाच पाडून आरपार खाली गेला पाहिजे, चॅनेलच्या वेबला (मधल्या रुंद बाजूला) भिडला पाहिजे आणि तिथे दोन्ही बाजूंनी ६ मिलिमीटरचा फिलेट (कोपऱ्यातला वेल्ड) बसला पाहिजे. तसं पुन्हा करून घेतलं. लगची प्लेट १२ मिलिमीटर, भोक २२ मिलिमीटर, कारण त्यात अडकवायच्या ३.२५ टनी बो शॅकलची (पिन लावून बंद होणाऱ्या कडीची) पिन १९ ची असते. भोक ड्रिलनेच पाडायचं. गॅस कटरने पाडलेल्या भोकाच्या कडेला खाचा राहतात, पिन नेमकी खाचेवर बसते आणि तडा तिथूनच सुरू होतो. शिवाय या शॅकलचा जबडा २७ मिलिमीटर रुंद असतो, त्यात १२ ची प्लेट एका बाजूला सरकून शॅकल तिरका ओढतो. दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटरची गोल चकती वेल्ड केली की २४ होतं आणि शॅकल मधोमध राहतो. चकत्या लावल्यावर भोक पुन्हा एकदा आरपार साफ करायचं.

लगच्या वेल्डसाठी ७०१८ चा लो-हायड्रोजन रॉड वापरायचा, तोही ओव्हनमध्ये सुकवलेला. पावसाळ्यात पाकीट फोडून तसाच वापरला तर ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये जातो, आणि तडा कधीकधी काम संपल्यावर काही तासांनी पडतो. बाकी सांगाड्याला ६०१३ चा साधा रॉड पुरेसा आहे.

पण खरा दोष लगच्या जागेत होता. लग डेकच्या पातळीवर, चार कोपऱ्यांत. आडव्याशी ६० अंशांत स्लिंग (उचलायचे पट्टे किंवा वायर) लावली तर क्रेनचा हुक डेकपासून सुमारे पावणेदोन मीटरवर येतो. मशीन एक मीटर उंच. त्या उंचीवर चारही स्लिंग इतक्या आत आलेल्या असतात की त्या मशीनच्या कॅनॉपीला (वरच्या पत्र्याच्या कव्हरला) चेपतातच. मग हायड्रा क्रेनवाला पत्रा वाचवायला वर आडवी लाकडं अडकवतो, आणि तीच लाकडं हवेत असताना निसटतात. यावर दोनच उपाय आहेत: स्लिंग फाकवून धरणारा स्प्रेडर बीम, नाहीतर डेकवर चार खांब उभे करून वरच्या चौकटीला लग. ५० बाय ५० बाय ३ च्या पेटीपाइपची अशी चौकट साधारण ४० किलोने वजन वाढवते, पण स्लिंग मोकळी राहते आणि मशीनला पिंजराही मिळतो. खांबाखाली थेट आडवा चॅनेल यायला हवा, आणि सर्व्हिसच्या दरवाज्याची बाजू बोल्टने उघडणारी हवी. ऑर्डर देतानाच मशीनची उंची सांगून हे ठरवा, कारण नंतर खांब बसवायला डेक फाडावा लागतो.

मशीनच्या डोक्यावर कंपनीची कडी असते, तिला धरून अख्खा स्किड उचलण्याचा मोह टाळा. ती कडी मशीनच्या वजनाची आहे, स्किड, केबल आणि सिलिंडरची नाही.

स्लिंगच्या कोनाचं गणित तोंडपाठ असावं. चार पाय असले तरी कडक सांगाड्यावर वजन दोनच पायांवर आलंय असं धरायचं. मशीन आणि केबलसकट स्किडच्या ७७० किलोला (बेरीज खाली दिली आहे) ६० अंशांत प्रत्येक पायावर सुमारे ४४५ किलो येतात. स्लिंग आखूड घेऊन कोन ३० अंशांवर आणला की तेच ७७० होतात.

गुरुत्वमध्यही काढून द्यावा लागतो. इंजिनाची बाजू जड असते, म्हणून मशीन डेकच्या मधोमध बसवलं तर स्किड इंजिनाकडे झुकूनच उठतो. मशीनचं एक टोक वजनकाट्यावर, दुसरं तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर, मग उलट. समजा इंजिनाकडे ३०० आणि अल्टरनेटरकडे २०० किलो आले आणि दोन टेकूंत १२०० मिलिमीटर अंतर आहे, तर गुरुत्वमध्य इंजिनाकडच्या टेकूपासून ४८० मिलिमीटरवर. तो बिंदू लगच्या चौकोनाच्या मध्यावर आणायचा. काटा पिंपळगाव किंवा लासलगावात कुणाही व्यापाऱ्याकडे मिळतो.

डेकच्या वेल्डिंगला पूर्ण गुण. प्लेट खालून ५० मिलिमीटर वेल्ड, १०० सोडून पुन्हा ५०, अशी टाके घातल्यासारखी लावली आहे. सलग बीड ओढली असती तर प्लेट खोगिरासारखी वाकली असती. काठाची पट्टी मात्र आतून सलग वेल्ड केलेली आहे, कारण डेक हाच डिझेल आणि ऑइल अडवणारा ट्रे आहे. ५० मिलिमीटर काठात साधारण ८० लिटर मावतात, ४० लिटरच्या टाकीला भरपूर. गळतीची तपासणी घरगुती आहे पण चोख: एका बाजूला चुना फासायचा, वाळल्यावर दुसऱ्या बाजूने रॉकेल सोडायचं, पिनहोल असेल तिथे चुन्यावर डाग उमटतो. कोपऱ्यात अर्ध्या इंचाचा ड्रेन प्लग आहे. पावसाचं पाणी साचलं की प्लग सावकाश उघडा, पाणी खालून आधी जातं. तवंग दिसायला लागला की बंद करून उरलेलं डब्यात घ्या.

शॉपने मशीनखाली मऊ रबरी माउंट सुचवले होते, ते नकोत. इंजिन आत आधीच रबरावर बसवलेलं असतं. खाली आणखी मऊ रबर दिलं की अख्खं मशीन डुलतं, बोल्ट सैल होतात, डिझेलच्या पाइपला ओढ बसते. १० मिलिमीटरचा कडक नायट्रिल पॅड आणि नायलॉक नट (हादऱ्याने सैल न होणारा) पुरे. साधं रबर डिझेलने फुगतं. पॅडमुळे मशीन आणि स्किड यांच्यातला धातूचा संपर्क बोल्टच्या भरवशावर राहतो, म्हणून तांब्याची वेणी लावून दोन्ही जोडा आणि स्किडला अर्थिंगचा एम १२ बोल्ट द्या. वेल्डिंगची रिटर्न केबल स्किडला कधीच लावायची नाही. ती कामावरच, जोडाच्या जवळ. नाहीतर करंट स्लिंग, साखळी, बेअरिंग, जिथून वाट मिळेल तिथून परत येतो.

सिलिंडरचा स्टँड डेकवर आहे, पण सायलेन्सरपासून दूर आणि साखळीसकट. डीए (अ‍ॅसिटिलीन गॅसचा) सिलिंडर उभाच ठेवा, आडवा केला की अ‍ॅसिटोन बाहेर येतो.

रंगात उणीव आहे. रेड ऑक्साइड आणि एनॅमल ठीक, पण वायर ब्रश नीट फिरवलेला नाही, वेल्डजवळचा स्लॅग (वेल्डवरची खपली) तसाच. इगतपुरी, त्र्यंबकच्या पावसात तिथून रंग उडणार. रनरच्या पेट्या मात्र चारही बाजूंनी बंद आहेत, आत पाणी शिरत नाही. पुढे गॅल्व्हनाइझ करायचं ठरलं तर पेटीला आधी भोकं पाडा, बंद पेटी जस्ताच्या कढईत फुटते.

वजन: स्किड २२० किलो, मशीन ५००, ७० स्क्वेअर मिलिमीटरची दोन वेळा ३० मीटर केबल साधारण ५०. बेरीज सिलिंडर सोडून ७७०, म्हणजे छोट्या हत्तीच्या काही मॉडेलांच्या पलीकडे. चौकट घेतली तर पिकअपच लागेल. हिशोब किलोवर होतो, त्यामुळे शॉप स्वतःहून वजन कमी करायला सांगत नाही. डेक ५ ऐवजी ४ मिलिमीटरचा घेतला तर १३ किलो वाचतात आणि काहीच बिघडत नाही. रनरमध्ये आणि लगमध्ये मात्र एक मिलिमीटरही कमी करू नका.

सांगाड्यासाठी या शॉपकडे पुन्हा जायला हरकत नाही. लगचं ड्रॉइंग तुम्ही काढून न्या, आणि लग वेल्ड होताना समोर उभे राहा.