बोर्डो पेस्ट : पावसाळ्यापूर्वी खोडाला जरूर लावावी, मात्र प्रत्येक किडी-रोगावरचा इलाज समजू नये

मोरचूद (कॉपर सल्फेट), चुना आणि पाणी यांचा लेप म्हणजे बोर्डो पेस्ट. ती घरी तयार करावी की बाजारातून डबा आणावा, आणि ती लावल्याने झाडाला नेमके काय मिळते, हे प्रश्न मे महिन्यात कोल्हापुरातील परसबाग सांभाळणाऱ्या अनेकांपुढे असतात. आमच्या घरच्या आंबा, फणस आणि लिंबाच्या खोडांना मी दोन्ही प्रकारची पेस्ट लावत आलो आहे. माझे मत आधीच नोंदवतो. फळझाडांच्या बुंध्याला आणि ताज्या छाटणीच्या लहान जखमांवर पावसाच्या तोंडावर लावलेली ही पेस्ट खर्चाचे आणि श्रमाचे पूर्ण चीज करते. परंतु खोडात शिरलेल्या अळीवर, कुजलेल्या मुळांवर किंवा रस्त्याकडेच्या जुन्या पर्जन्यवृक्षाच्या हातभर रुंद घावावर तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

याचे कारण समजण्यासाठी झाड स्वतःचा बचाव कसा करते हे पाहिले पाहिजे, कारण पेस्ट त्या बचावाला केवळ हातभार लावते. झाडाचा पहिला तट म्हणजे साल. साल फाटली की आंबा डिंक सोडतो, फणस आणि वड चीक सोडतात. त्या चिकट स्रावात लहान किडी अडकतात आणि भोक बुजते. त्यामागे सालीतील आणि लाकडातील टॅनिनसारखी कडू, तुरट रसायने असतात, जी अनेक किडींना पचत नाहीत आणि बुरशीची वाढ मंदावतात. एवढे करूनही रोग आत शिरला, तर झाड तो भाग दुरुस्त करीत बसत नाही. ते बाधित लाकडातील जलवाहिन्या बुजवते, आजूबाजूच्या पेशींत रोगविरोधी द्रव्ये भरते आणि जखमेनंतर तयार होणाऱ्या नव्या लाकडाची भक्कम भिंत उभी करून रोगट भाग आतच कोंडून टाकते. अमेरिकेतील वनरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून ही रचना दाखवून दिली. मोठ्या घावांवर रंग किंवा लेप फासल्याने आतली कुज थांबत नाही, हेही त्यांनी त्याच कामातून सांगितले. म्हणूनच पर्जन्यवृक्षाची मोठी फांदी तोडून त्या घावाला निळा रंग दिला म्हणजे झाड सुरक्षित झाले, असे मानता येत नाही. तिथे खरा फरक पडतो तो फांदी कुठे कापली यावर. फांदीच्या मुळाशी जो फुगीर कडा असतो, तो न दुखावता त्याच्या लगत बाहेरून काप घेतला, तर झाडाला आपली भिंत वेळेत उभी करता येते. खोडाला घासून कापले किंवा वीतभर खुंट सोडला, तर ते काम अवघड होऊन बसते.

मग पेस्ट कशासाठी? आपल्याकडच्या पावसासाठी. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात खोडे आठवडेच्या आठवडे ओली राहतात आणि जमिनीवरून उडणारे चिखलाचे शिंतोडे बुंध्यावर बसत राहतात. लिंबाचा डिंक्या रोग याच वाटेने येतो. त्याचे जंतू मातीत असतात, पाण्याबरोबर पसरतात आणि बुंध्याची साल कुजवतात. फणस आणि आंब्याच्या फांद्यांवर येणारा गुलाबी रोगसुद्धा जास्त पावसाच्या प्रदेशातलाच. पेस्टमधील तांबे ओलाव्यात थोडे थोडे सुटते आणि सालीवर रुजू पाहणाऱ्या बुरशीच्या बीजाणूंना मारते. चुना तांब्याचा दाहकपणा कमी करतो आणि लेप सालीला धरून ठेवतो. हे सारे सालीच्या पृष्ठभागावरच घडते. पेस्ट झाडाच्या रसात मिसळत नाही, त्यामुळे ती रोग शिरण्यापूर्वी लावली तरच उपयोगी पडते.

या मिश्रणाचा जन्मही एका परक्या रोगामुळे झाला, हे मला फार बोलके वाटते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या किडीने फ्रान्समधील द्राक्षवेलींची मुळे खाऊन मळेच्या मळे उद्ध्वस्त केले. अमेरिकी वेली त्या किडीबरोबरच वाढलेल्या असल्यामुळे तग धरत होत्या, म्हणून त्यांची खुंटे मागवून त्यांवर युरोपीय वेलींची कलमे बांधण्यात आली. मात्र अमेरिकेतूनच द्राक्षाच्या पानांवर आणि घडांवर येणारा केवडा रोगही तिकडे पोहोचला आणि 1878 मध्ये फ्रान्समध्ये दिसू लागला. रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना दूर ठेवण्यासाठी मोरचूद-चुना शिंपडलेला होता आणि त्या वेली निरोगी होत्या, हे बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांच्या नजरेस पडले. त्यांनी प्रयोग करून 1885 मध्ये हे मिश्रण जगापुढे मांडले. ज्या रोगाशी झाडाची पिढ्यान्‌पिढ्या ओळख नाही, त्याच्यापुढे त्याचा बचाव किती अपुरा ठरतो, हे अमेरिकेलाही पुढे भोगावे लागले. 1904 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आढळलेल्या, आशियातून आलेल्या बुरशीने तेथील चेस्टनटची अब्जावधी झाडे मारली. चिनी चेस्टनट मात्र त्याच बुरशीला बऱ्यापैकी तोंड देते.

आता घरची पेस्ट आणि तयार डबा यांविषयी. घरच्या पेस्टसाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे प्रमाण आहे; दोन-चार झाडांसाठी मिळून मोरचूद आणि चुना प्रत्येकी शंभर ग्रॅम आणि एक लिटर पाणी पुरते. मोरचूद निम्म्या पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत रात्रभर भिजत घालावा, चुना उरलेल्या पाण्यात वेगळा विरवून गाळून घ्यावा आणि दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत लाकडी काठीने ढवळावीत. लोखंडी भांडे चालत नाही, कारण तांबे लोखंडावर चढून बसते. याच गुणधर्माचा तपासणीसाठी उपयोग होतो. स्वच्छ लोखंडी पाते मिश्रणात थोडा वेळ बुडवावे. त्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडला आहे आणि तो आणखी घालावा लागेल. ही परीक्षा टाळू नये, अन्यथा मोकळे तांबे कोवळ्या सालीला भाजते. चुना ताजा हवा. पोत्यात महिनोन्‌महिने पडून विरलेल्या चुन्याने पेस्ट बसत नाही. नीट जमलेली पेस्ट आकाशी रंगाची होते, ब्रशने सलग लागते आणि दोन दिवस कोरडे मिळाले, तर भर पावसातही बराच काळ टिकते. ती त्याच दिवशी संपवावी, कारण शिळी पेस्ट सालीला धरत नाही.

तयार डब्याची सोय निर्विवाद आहे. मोजमाप नाही, चुना विरवण्याची धग नाही आणि हवा तेवढा वापरून झाकण लावता येते. मात्र मी आणलेल्या एका डब्यात तळाशी घट्ट गाळ बसलेला होता आणि वरचे पाणी निळसर पातळ होते. कितीही ढवळले तरी ते एकजीव झाले नाही आणि पहिल्या मोठ्या सरीतच लेप ओघळला. दुसऱ्या कंपनीचा डबा चांगला निघाला, परंतु त्याच पैशांत घरी कितीतरी पट पेस्ट तयार झाली असती. सदनिकेच्या आवारात एखाद-दुसरे झाड असणाऱ्यांनी डबा घ्यावा, पण दुकानातच उत्पादनाची तारीख पाहावी आणि डबा हलवून गाळ तपासावा. पन्हाळा किंवा राधानगरीच्या बाजूला ज्यांची आंब्या-फणसाची बाग आहे, त्यांना घरचीच पेस्ट परवडेल.

किडींच्या बाबतीत मर्यादा स्पष्ट आहेत. आंब्याच्या खोडातून भुसा पडत असेल, तर आत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी आहे आणि पेस्ट तिथवर पोहोचत नाही. तारेने अळी ओढून काढणे आणि भोकात कीटकनाशक सोडून ते चिखलाने बंद करणे हाच मार्ग उरतो. पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीवरही ही पेस्ट निरुपयोगी आहे. मूळ मेक्सिकोकडचा, पपईवर येणारा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये भारतात आढळला आणि पपईबरोबर तुतीवरही पसरला. तो आटोक्यात आला तो 2010 मध्ये बंगळूरच्या कृषी कीटक संशोधन संस्थेने पोर्टो रिकोहून आणलेल्या परोपजीवी गांधीलमाश्यांमुळे. ज्या शत्रूला रोखायला झाडाकडे काही नव्हते, त्याचा मूळ देशातला नैसर्गिक शत्रू आणून सोडावा लागला. अशा ठिकाणी बुंध्याला लेप देत बसण्यात वेळ जातो.

एक काळजी सर्वांनीच घ्यावी. तांबे जमिनीत साठत जाते आणि माशांना ते विषारी आहे. युरोपीय संघाने शेतीतील तांब्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे, ती याच कारणाने. बादली आणि ब्रश धुतलेले पाणी गटारात, विहिरीजवळ किंवा रंकाळा तलावाकडे जाणाऱ्या ओढ्यात कदापि ओतू नये. हातमोजे आणि चष्मा वापरावा.

लावताना बुंध्याची माती थोडी बाजूला करून, सैल साल आणि डिंक हलक्या हाताने खरवडून, जमिनीपासून सुमारे तीन फुटांपर्यंत लेप द्यावा. पहिला हात मृग नक्षत्रापूर्वी, वळवाच्या सरींमधली उघडीप साधून द्यावा. दुसरा पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास.