चिपवालं मांजरदार आणि गेलेले २५,३७९ रुपये

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत कुणाला अंदाज बांधत बसायला नको: २५,३७९ रुपये. शिवाय तोडलेलं दार पुन्हा धड करायला मेस्ताला दिले ३,८०० (मेस्त म्हणजे आमच्याकडचा सुतार) ते वेगळे. आणि हे सगळं कशासाठी, तर मांजराला ये-जा करायच्या दारासाठी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पोलीस ठाण्यात हसले, बँकेच्या काउंटरवरची मुलगी हसली, आमचे धाकटे दीर तर चवथीला सगळ्या पाहुण्यांसमोर हसले. आता मला कुणाच्या हसण्याचं काही वाटत नाही. त्या माणसाचं दुकान अजून जोरात चाललंय म्हणून लिहितेय.

श्रीमंती थाट म्हणून दार बसवलं नव्हतं, हे आधी सांगते. आमचं घर जुनं, चिऱ्याचं, गोव्यात फोंड्याकडचं. मागीलदार फणसाच्या फळ्यांचं. आमची मांजर चिंगी रात्रीतून कितीदा तरी आत-बाहेर करते, आणि तिने दार खरवडलं की सासूबाई उठून दाराचा आडणा, म्हणजे आतला अडसर, काढतात. त्यांना मधुमेह, अंधारात एकदा पायरीवरून घसरल्यासुद्धा. दार उघडं ठेवावं तर शेजारचा पिवळा बोका आत. मे महिन्यात पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या पुरुमेंतातले सुके बांगडे त्याने असे काही लांबवले की पावसात आम्ही नुसत्या सोलकढीवर भागवलं. त्यात पावसाळ्यात उघडं दार म्हणजे जनावराला आमंत्रण. घोणस आमच्या चुलीमागे निघालेली आहे.

साधी झडप लावली तर तिला डोकं लावून कुठलंही मांजर आत येतं. गळ्यातल्या लोहचुंबकाने उघडणारी मिळते, पण पट्टा पडला की आपलंच मांजर बाहेर. म्हणून चिपची. मांजराच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, झडपेच्या तोंडाशी बसवलेला वाचक तिचा नंबर ओळखतो आणि फक्त आपल्या मांजराला आत सोडतो. ही वस्तू खरी आहे, परदेशात घरोघर असते, त्यात काही भोंदूगिरी नाही. मी काही आकाशातून पडणाऱ्या नोटांच्या मागे लागले नव्हते. खरी वस्तू मागितली, खोटी गळ्यात मारली गेली.

झडप बसवणाऱ्याचा नंबर नणंदेच्या बिल्डिंगमधल्या एकीने दिला. तिच्याकडे बसवून जेमतेम आठवडा झाला होता, ते मला नंतर कळलं. कोणाकडे चांगलं चाललंय म्हणून सांगितलं तर किती दिवस चाललंय ते विचारा.

माणूस आला तो टेप घेऊन, खाली गुडघ्यावर बसून. चिंगीला उभी करून जमिनीपासून तिच्या पोटाची उंची मोजली. हे बरोबर असतं, झडपेची खालची कड साधारण मांजराच्या पोटाच्या रेषेत ठेवतात. मीही वाचलं होतं. म्हणून तर जाणकार वाटला! फसवणारा शंभरातल्या नव्वद गोष्टी बरोबर बोलतो, दहाच्या जिवावर जेवतो. ‘बाय, तुमी चिंता करूं नाकात, हांव आसां न्ही,’ म्हणाला. ५,००० आगाऊ घेतले.

पैसे असे गेले: झडपेचे १४,५००, त्यात ते आगाऊ ५,००० धरून. बसवणावळ २,५००. चिप घालायचे २,२००. ‘पंचायतीत मांजराची नोंदणी’ म्हणून १,०००, त्यावर अठरा टक्के जीएसटी लावून १,१८०. सरकारी नोंदणीवर जीएसटी लावतो आहे हे ऐकूनच मी त्याला विळी दाखवायला हवी होती. पण बिलावर जीएसटी दिसला की आपल्या मनाला उगाच धीर येतो. पंचायतीत नंतर विचारलं तर सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, अशी फी आमच्याकडे नाही हो. शेवटचे ४,९९९ ‘सर्व्हरची अनामत, चोवीस तासांत परत’. त्याचं पुढे येईल.

आता ती चिप. जी गोष्ट आठवून मला अजून झोप लागत नाही ती ही.

पांढरा कोट घातलेला एक पोरगा सोबत आला. ‘डॉक्टर’ म्हणे. चिंगीला टॉवेलात गुंडाळून मी मांडीवर धरलं. त्याने पिशवीतून सिरिंज काढली. नारिंगी टोपणाची. टोपण काढलं, सुई केसाएवढी. मागच्या मांडीत टोचली, कापसाने दाबलं, झालं. चिंगी म्यावसुद्धा करेना. आणि मी त्याचं कौतुक केलं! हात किती हलका आहे म्हटलं!

अहो, सासूबाईंना रोज सकाळी इन्शुलिन मी टोचते. ती नारिंगी टोपणाची सिरिंज आमच्या फ्रिजच्या दारात डझनाने पडलेली असते. त्या सुईतून पाण्यासारखं औषध जेमतेम जातं. खरी चिप बारा मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड असते. ती त्या सुईतून जाणार कशी? चिपची सुई चांगली जाडजूड असते, बघूनच आपण डोळे मिटावे अशी. आणि ती मांडीत नाही, मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मधे घालतात. रोज हाताळते ती वस्तू डोळ्यांसमोर धरलेली होती आणि मला ती दिसली नाही. पण सांगा, एक हात मांजराच्या मानेवर, दुसरा पंजांवर, कुकरची शिटी होतेय, सासूबाई ‘तिला दुखवू नका रे’ म्हणून ओरडतायत, अशा वेळी कोण सुईची जाडी मापत बसतं? तुम्ही मापली असती असं वाटत असेल तर तुमच्या मांजराला कधी टॉवेलात धरून बघा.

नंतर त्याने छापील प्रमाणपत्र दिलं. चिपचा नंबर, बारा आकडी. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चिपचा नंबर पंधरा आकडी असतो. मोजा. सही करणाऱ्याचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक त्यावर असायला हवा, तो बघा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४चा आहे, नोंदणीशिवाय प्राण्यांवर डॉक्टरकी करता येत नाही. कोट काय, बाजारात कुणालाही मिळतो.

मग दार कापायचा कार्यक्रम. आमच्या मागीलदाराच्या तळाला उंदरांसाठी पत्रा ठोकलेला होता. चिपच्या वाचकाला जवळचा धातू त्रास देतो, त्यामुळे खरं काम करणारा माणूस पत्र्याबद्दल आधी विचारतो. याने ग्राइंडर लावला आणि पत्र्यासकट, फळ्या धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्टीसकट भोक पाडलं. पहिल्या पावसात फळ्या फुगल्या आणि सांध्यातून बोट जाईल एवढी फट पडली.

झडप बसली. ‘चाचणी बघा’ म्हणून त्याने मूठ झडपेच्या तोंडाशी नेली. हिरवा दिवा, टक् असा आवाज, झडप मोकळी. आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात. मुठीत चकती होती, ‘मास्टर चिप’ म्हणाला. चिंगीला आणलं तर दिवा लागेना. ‘तिचा नंबर सर्व्हरवर चढायला चोवीस तास लागतात, अनामत भरली की सुरू होतं.’ भरली. हेही लिहून ठेवा: या झडपांना सर्व्हर-बिर्व्हर लागत नाही. पेन्सिल सेलवर चालतात, नोंदणीचं बटण दाबायचं, मांजर एकदा आतून नेलं की नंबर तिथल्या तिथे साठतो. मिनिटाचं काम. काही महागड्या झडपा फोनला जोडता येतात, पण ओळखण्यासाठी इंटरनेटची गरज नसते. आपलं मांजर आपल्या डोळ्यांदेखत बाहेरून आत आलं नाही तर एक पैसा सोडू नका. मुठीला कसली सलामी देताय!

चिंगी रात्रभर बाहेरून नाक आपटत राहिली. सासूबाई पुन्हा आडणा काढायला.

अनामत परत मागितली तर त्याने क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन घाला म्हणजे पैसे येतील. इथे मात्र मी फसले नाही, याची नोंद घ्यावी. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन घातला की पैसे जातात. तसं म्हटल्यावर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी चिप वाचायचं यंत्र मानेपासून शेपटीपर्यंत, पोटाखालून, पायांवरून फिरवलं. काही नाही. मांडीत सलाईन टोचलं असावं, म्हणाल्या. सूज नाही हे नशीब. खरी चिप मग त्यांनीच घातली, सुई बघून मी खरंच डोळे मिटले. मेस्ताने झडपेचा डबा उघडला तर आत एक सेल, एक दिवा आणि लोहचुंबकाने चालणारं बटण. चिप वाचायला तांब्याच्या तारेचं वेटोळं लागतं, त्याचा पत्ताच नव्हता. दुकानाच्या नावाचा स्टिकर तेवढा छान चिकटवलेला.

बिलावरचा जीएसटी क्रमांक ‘२९’ने सुरू होतो. २९ म्हणजे कर्नाटक. गोव्याचा ३०. माणूस स्वतःला सासष्टीतला म्हणवत होता. हा क्रमांकही पंधरा अक्षरी असतो आणि सरकारी संकेतस्थळावर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. मी टाकला, पैसे गेल्यावर. नावच सापडलं नाही. पत्त्यावर यजमान स्वतः गेले, तिथे शिवणकामाचं दुकान आहे, त्या बिचाऱ्या शिंप्याकडे आमच्याआधीही लोक येऊन गेले होते. म्हणजे मी एकटी नाही!

आता ठाणं. तक्रार घेणाऱ्याने ऐकून घेतलं आणि मागच्याला सांगितलं, ‘माजराक दार जाय म्हण!’ मागचा म्हणाला, ‘आमच्या माजराक जनेल पुरो,’ म्हणजे खिडकी पुरे. दोघे हसले. मग म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, ग्राहक आयोगात जा. दुसऱ्या दिवशी दुसरा होता, तो म्हणाला माणूस जिथला तिथल्या हद्दीत द्या. हद्दीबाहेरचा गुन्हासुद्धा नोंदवून घ्यायचा असतो, झिरो एफआयआर म्हणतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. असं म्हटल्यावर साहेबांनी विचारलं, ‘तुम्ही वकील काय?’ नाही हो, मी मांजर पाळते. फसवून पैसे घेणं म्हणजे पूर्वीची चारशेवीस, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ३१८, सात वर्षांपर्यंत शिक्षा. याला दिवाणी बाब म्हणणारे खिसा कापला तर कपड्याची तक्रार शिंप्याकडे न्या म्हणतील. शेवटी साधा अर्ज घेऊन शिक्का मारून दिला. त्यावर तारीखसुद्धा मी सांगितली तेव्हा घातली. नकार आला तर अधीक्षकांना लेखी पाठवता येतं, मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं, पोचपावती आली, उत्तर नाही.

बँक तर त्याहून थोर. ‘पिन तुम्हीच घातलात ना मॅडम?’ हो, आधीचे पैसे देताना मीच घातला, म्हणूनच तर फसवणूक म्हणतात, नाहीतर चोरी म्हटली असती. सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, समोरच्याच्या खात्यात रक्कम अडवून ठेवता येते. मला बँकेने तो सांगितलासुद्धा नाही, ‘शाखेत लेखी द्या’ म्हणाले, शाखा त्या शनिवार-रविवारी बंद. तोवर पैसे कुठल्या कुठे गेले असतील. नंबर आत्ताच फोनमध्ये साठवा, सासूबाईंच्या फोनमध्येही.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रार ऑनलाइन करता येते, एवढं एक बरं. अडचण अशी की विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो, आणि आमच्याकडे आहे तो शिंप्याचा. म्हणून पैसे देण्याआधी दुकान बघून या, निदान गाडीचा नंबर तरी टिपा. आमच्या अंगणात त्याची गाडी तासभर उभी होती, मी त्याला चहाबरोबर शंकरपाळे नेऊन दिले, नंबराकडे बघितलं नाही.

तुमच्याकडे बारा आकडी नंबराचं प्रमाणपत्र आणि ‘२९’वालं बिल असेल तर आधी मांजर डॉक्टरकडे नेऊन स्कॅन करून घ्या आणि त्यांच्याकडून ‘चिप आढळली नाही’ असं लिहून घ्या. मग आपापली वेगळी तक्रार द्या. माझ्या अर्जात तुमचं नाव जोडता येत नाही म्हणे, पण तिथे पाच अर्ज पडले तर साहेबांना दिवाणी म्हणायला जड जाईल. झडप फेकू नका, डबा उघडू नका, आहे तशी पिशवीत बांधून ठेवा. आमची मेस्ताने उघडली, आता ठाण्यात विचारतात, आत काय होतं याला पुरावा काय?