'हिशोब चुकता' लिहून दिलं, तिथंच बुडालो

एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली. सुटे भाग मोजून घेतल्याशिवाय स्टोअरच्या वहीत कधी सही केली नाही. घराच्या बाबतीत मात्र आधी सही केली आणि मोजलं नंतर. रिटायरमेंटच्या पैशातून बांधकाम काढणारे माझ्यासारखे लातूर-नांदेडकडं पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

लातुरात औसा रोडच्या बाजूला ३० बाय ४०चा प्लॉट. गुत्तेदार, म्हणजे बांधकामाचा ठेकेदार, सासुरवाडीकडचा, ओळखीतला. मला काका म्हणायचा, घरी आला की चहा हक्कानं मागायचा. १,००० चौरस फूट, मालासकट १,७५० रुपये फूट, म्हणजे साडेसतरा लाख. जानेवारी २०२४ मध्ये शंभराच्या बाँडवर करार केला, नोटरीही केली. आपण फार पक्कं काम केलं असं वाटलं होतं.

करारातले हप्ते असे होते: सुरुवातीला २० टक्के, जोत्याला २०, कॉलमला १५, स्लॅबच्या आधी २५. उरलेल्या २० टक्क्यांत गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, लाईट-नळ, रंग, सगळं. मी म्हटलं, वीस टक्के आपल्या हातात आहेत, त्यासाठी तरी येईल. हिशोब उलटा होता. स्लॅब भरून झाला तेव्हा घर जेमतेम अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं घर वीस टक्क्यांत कुणालाच परवडत नाही. त्या जागेवर गुत्तेदाराला काम पुरं करण्यापेक्षा गायब होणंच फायद्याचं.

पहिली खूण पाया खोदतानाच दिसली होती. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया मुरमापर्यंत न्यावाच लागतो. हा चार फुटांवर, काळ्यातच, माल टाकायला निघाला. मी अडवलं तर आणखी दोन फूट खोदून 'एक्स्ट्रा'चे ३५,००० घेतले. नकाशावर 'मुरूम लागेपर्यंत' असं लिहिलेलंच होतं. मी नकाशा उघडून बघितला तो पैसे दिल्यावर.

दुसरी खूण साडूनं दाखवली. तो किल्लारीकडचा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात दगडामातीच्या ढिगाऱ्याखालून निघालेला माणूस, कुठल्याही बांधकामावर गेला की आधी कॉलमकडं बघतो. त्यानं कॉलमच्या उभ्या गजांभोवतीच्या लोखंडी रिंगेत बोट घातलं. "पाव्हणं, ही उघडी हाय की." रिंगेची टोकं कॉलमच्या पोटात, १३५ अंशात वळवलेली लागतात, म्हणजे हादऱ्यात ती सुटत नाहीत. इथं नुसती काटकोनात मुडपलेली. चार कॉलमच्या रिंगा बदलून घेतल्या, बाकीचे आधीच भरून झाले होते.

त्याच दिवशी १२ एमएमच्या गजाचा बरोबर एक मीटरचा तुकडा कापला आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला. ८८८ ग्रॅम भरायला पाहिजे, चार-पाच टक्के इकडं-तिकडं चालतं. काट्यावर आकडा आला ७९०. दुकानदारानं काटा पुसून पुन्हा ठेवायला लावला. पुन्हा ७९०.

एवढं दिसूनही मी करार मोडला नाही, कारण बाँडावरचं नववं कलम. 'मालकाने मध्येच काम बंद केल्यास उर्वरित रकमेच्या २५ टक्के नुकसानभरपाई द्यावी लागेल.' म्हणजे तेव्हा जवळपास दोन लाख. त्या एका ओळीच्या भीतीनं मी स्लॅबचे दोन लाख आणखी दिले. एकूण ११,६२,५००, वर ते ३५,०००.

मे महिन्यात स्लॅब भरला. स्लॅबच्या उरलेल्या पैशासाठी गुत्तेदार अडून बसला आणि मग फोन उचलेना. उचलला तर "करायलोय की काका, लेबर गावाकडं गेलंय." पाणी मालकाचं असं ठरलेलं, म्हणून टँकर घेऊन दहा दिवस स्लॅबवर पाणी मीच मारलं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आणलेलं पाणी पिलेल्या गावात हे दुखतंच. नवव्या दिवशी सेंट्रिंगवाला, म्हणजे स्लॅबखालचे टेकू-फळ्या भाड्यानं देणारा, टेम्पो घेऊन दारात. गुत्तेदारानं भाडं दिलं नाही, मी टेकू काढून नेतो म्हणाला. हॉल सोळा फुटांचा, एवढ्या रुंदीच्या स्लॅबला निदान चौदा दिवस टेकू पाहिजेत. त्याचे ९,००० मी दिले. त्याचीही चूक नव्हती.

सप्टेंबरात गुत्तेदार स्वतःच आला. "काका, समजुतीनं मोडून टाकू, तुमच्याकडून नुकसानभरपाई नको मला." सोबत टाईप केलेला कागद: 'आजपर्यंतच्या कामाचा हिशोब चुकता झाला असून एकमेकांचे काही देणे-घेणे राहिलेले नाही.' उरलेल्या रकमेवरचे दीडेक लाख वाचले या आनंदात मी सही केली. बायको म्हणत होती, उद्या करा.

पाचव्या दिवशी लोखंडाचा दुकानदार १,८६,००० ची उधारी घेऊन आला. बिल माझ्या नावावर, पत्ता माझ्या प्लॉटचा. माल पोचल्याच्या एका चलनावर सही माझी. ट्रक आला तेव्हा गुत्तेदार नव्हता, माल उतरवून घेतला म्हणून केलेली.

मग वकिलाकडं गेलो. जे सांगितलं ते आधी विचारलं असतं तर फुकट पडलं असतं. करार कायद्याच्या, १८७२च्या, कलम ७४ प्रमाणं बाँडावर आकडा लिहिला म्हणून तेवढी रक्कम आपोआप मिळत नाही. कोर्ट वाजवी भरपाईच देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. आणि समोरच्यानंच काम टाकलं असेल तर तो कसली भरपाई मागणार? चार महिने मी एका पोकळ ओळीला भ्यालो.

महारेराकडं, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडं, जावं असं मला वाटत होतं. पण रेरा बिल्डरच्या प्रकल्पातल्या फ्लॅट-रो हाऊसला. स्वतःच्या प्लॉटवर गुत्तेदार लावला तर तिथं दार नाही. पोलीस ठाण्यात 'दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवलं. ग्राहक आयोगात मात्र जाता येतं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत घरबांधणी स्पष्ट लिहिलेली आहे. माझ्या रकमेला फी ४०० रुपये लागली. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

तेव्हा कुठं इंजिनिअरकडून मोजमाप करून घेतलं. उभ्या कामाची किंमत ६,४०,००० निघाली. हा कागद सहीच्या आधी पाहिजे होता. तुम्ही मोडायच्या विचारात असाल तर गुत्तेदाराला साइटवर बोलावून इंजिनिअरसमोर मोजमाप करा. तो आला नाही तर तारखेसह फोटो काढा, पडलेला माल लिहून काढा, मग स्पीड पोस्टानं नोटीस. दुकानांची, सेंट्रिंगची, मिस्त्रीची उधारी कोण देणार ते त्याच्याकडून लिहून येईपर्यंत 'चुकता' हा शब्द असलेल्या कागदाला हात लावू नका. चलनावर सही करावीच लागली तर 'गुत्तेदाराकरिता माल उतरवून घेतला' असं शेजारी लिहा.

आयोगात त्यानं उत्तर दाखल केलंय. त्याला जोडलेला पहिला कागद माझ्या सहीचा तो हिशोब. गिलावा आता मजुरीवर दिलाय. सिमेंट, वाळू मी आणतो, बिल माझ्या नावावर. शनिवारी बायको टेपचं एक टोक धरते, मिस्त्री दुसरं. जेवढा गिलावा झाला तेवढेच पैसे.