ईझास्मी की बीपीएक्स? झेड-ओएसवर सॉकेटमधून डेटा घेताना

झेड-ओएसवर, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, असेम्ब्लरमध्ये सॉकेट प्रोग्राम (नेटवर्कवरून दुसऱ्या प्रोग्रामशी बोलणारा) लिहायला घेतला की हा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येतो. डेटा घ्यायला ईझास्मी (EZASMI) हा सॉकेटचा तयार मॅक्रो वापरायचा, की झेड-ओएसमधल्याच युनिक्स सर्व्हिसेसचं बीपीएक्स१आरसीव्ही (BPX1RCV) हे रूटीन थेट बोलवायचं? मी एकच रिसीव्ह रूटीन दोन्ही पद्धतींनी लिहिलंय. आधी ईझास्मीने, ते बरीच वर्षं चाललं, आणि मग बीपीएक्सने. कोबॉल किंवा पीएल-वनवाल्यांना त्यांच्या भाषेतून बोलवता येणारं ईझासोकेट आहेच, त्यांनी या वादात पडायची गरज नाही.

वेगाचा मुद्दा लगेच बाजूला ठेवू. आतून दोघंही युनिक्स सर्व्हिसेसमधूनच टीसीपी स्टॅककडे जातात, म्हणून युजर आयडीला ओएमव्हीएस सेगमेंट (युनिक्स सर्व्हिसेस वापरायची सोय देणारी नोंद) दोन्हीकडे लागतोच. माझ्या कामात तरी मला वेगात फरक जाणवला नाही.

लिहायला ईझास्मी जास्त सोपं, हे मान्य करायला हवं. टाइप, एस, एनबाइट, बफ, एररनो, रेटकोड असे कीवर्ड नाव घेऊन द्यायचे. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी तो कोड उघडला तरी त्याला काय चाललंय ते कळतं. बीपीएक्स१आरसीव्हीला आठ पॅरामीटर ठरलेल्या क्रमाने द्यावे लागतात आणि एक जरी सरकला तरी असेम्ब्लर तुम्हाला काही सांगत नाही.   पहिल्यांदा माझाच एक पॅरामीटर चुकला.  लिस्टिंगमध्ये सगळं बरोबर दिसत होतं, त्यामुळे ते सापडायला अख्खी दुपार गेली.

थांबण्याच्या बाबतीतही ईझास्मी सोयीचं वाटतं. ईसीबी (काम झालं की सिस्टिम ज्यात खूण करते तो छोटा ब्लॉक) देऊन रिसीव्ह सोडून देता येतो, किंवा सिलेक्टईएक्स या कॉलवर सॉकेट आणि ऑपरेटरच्या स्टॉप कमांडचा ईसीबी अशी दोघांची वाट एकत्र पाहता येते. बीपीएक्सकडे असिंक्रोनस, म्हणजे न थांबता मागे चालू राहणाऱ्या, कामासाठी बीपीएक्स१एआयओ आहे. ते ताकदीचं आहे, पण त्याचा कंट्रोल ब्लॉक अंगवळणी पडायला वेळ लागतो.

इथपर्यंत पारडं ईझास्मीकडेच झुकतंय. माझं मत फिरलं ते एका गोष्टीमुळे. रिसीव्ह फसला की ईझास्मी रेटकोडमध्ये उणे एक देतो, एररनोमध्ये एक आकडा देतो, आणि त्यापलीकडे काही नाही.

आमचा एक स्टार्टेड टास्क (मागे सतत चालणारा प्रोग्राम) अधूनमधून रात्री कनेक्शन गमवायचा. लॉगमध्ये दर वेळी एररनो ५४, म्हणजे कनेक्शन रीसेट. पण ते रीसेट केलं कुणी? समोरच्या प्रोग्रामने, मधल्या कुठल्या उपकरणाने, की आमच्याच बाजूला काही झालं? त्या ५४ मधून हे कळायला काही मार्ग नव्हता. नेटवर्कवाले म्हणाले आमच्याकडे काही नाही, समोरचे म्हणाले आम्ही तोडलं नाही. शेवटी एसवायएसटीसीपीडीएचा पॅकेट ट्रेस, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटची नोंद, लावून, पुन्हा घडेपर्यंत ताटकळत बसलो. आठवडा गेला.

बीपीएक्स१आरसीव्ही रिटर्न कोडच्या जोडीला रीझन कोडही देतो. तो एक फुलवर्ड, म्हणजे चार बाइटचा, असतो. वरचा अर्धा भाग तक्रार कुठल्या मॉड्यूलमधून आली ते दाखवतो, खालचा अर्धा नेमकं कारण. टीएसओवर (मेनफ्रेमवर कमांड देण्याची जागा) बीपीएक्सएमटेक्स्ट कमांडला तो कोड दिला की बहुतेक वेळा समजेल असा मजकूर समोर येतो. मी तो लॉगच्या ओळीतच छापायला लागलो. दर वेळी उत्तर मिळतंच असं नाही, ट्रेस अजूनही कधीतरी लागतो. पण आपल्या बाजूला शोधायचं की समोरच्या, एवढं तरी सकाळी चहाआधी ठरतं.

बदल करताना आकड्यांकडे मात्र लक्ष ठेवा. ईझास्मीतला ५४ बीपीएक्समध्ये ११२१ होतो आणि ३५, म्हणजे आत्ता डेटा नाही, तो ११०२ होतो. जुन्या तुलना तशाच राहिल्या तर नॉन-ब्लॉकिंग (डेटा नसेल तर न थांबता परतणारा) रिसीव्ह साध्या वाट पाहण्यालाही एरर समजून कनेक्शन बंद करतो.

काही कटकटी दोन्हीकडे सारख्याच आहेत. एका रिसीव्हमध्ये पूर्ण संदेश येईलच असं नाही. आमच्या संदेशापुढे चार बाइटची लांबी असते. चाचणीत छोटे संदेश एका दमात यायचे, आणि प्रत्यक्षात एकदा ते चार बाइटच दोन-दोन असे तुटून आले. बीपीएक्समध्ये सगळे बाइट येईपर्यंत थांबायला सांगणारा एमएसजी-वेटऑल फ्लॅग आहे, तरी मी हवे तेवढे बाइट जमेपर्यंत फिरणारं स्वतःचं लूप ठेवतो. परत आलेला शून्य म्हणजे समोरच्याने कनेक्शन बंद केलं. त्याला 'अजून डेटा नाही' समजलात तर ते लूप सीपीयू खात बसेल. आणि एबसीडिकमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या अक्षर-कोडमध्ये, बदलायचा तो फक्त मजकूर, लांबीचे बाइट नाहीत. मेनफ्रेमचा बाइटक्रम नेटवर्कचाच असल्याने ते जसेच्या तसे लोड करता येतात.

छोटं काम असेल, एकच क्लायंट असेल, किंवा टीममध्ये असेम्ब्लर नव्याने शिकणारे असतील, तर ईझास्मी घ्यायला माझी हरकत नाही. पण टास्क वर्षानुवर्षं चोवीस तास चालणार असेल आणि रात्रीचा फोन तुम्हालाच येणार असेल, तर मला तरी बीपीएक्स जास्त भरवशाचं वाटतं. पुढे एमोड ६४ मध्ये, म्हणजे ६४ बिटी पत्त्यांवर, जायचं झालं तर बीपीएक्स४आरसीव्ही तयार आहे, पॅरामीटरचा क्रम तोच. अर्धा प्रोग्राम इकडे आणि अर्धा तिकडे असं मात्र करू नका. सॉकेट उघडण्यापासून बंद करण्यापर्यंत सगळं एकाच पद्धतीने ठेवा, आणि रीझन कोड हेक्समध्ये, आठही अंक, लॉगमध्ये छापा.