शूबर्टचं क्विंटेट, चार रेकॉर्डिंग आणि भुसावळमधली एक खोली: आठ महिन्यांनंतर

दसऱ्याला सुरुवात केली, आता जून लागला. या आठ महिन्यांत एकच रचना चार निरनिराळ्या वादकसंचांकडून जवळजवळ रोज ऐकली: ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टचं सी मेजरमधलं (म्हणजे सी हा स्वर षड्ज धरून रचलेलं) स्ट्रिंग क्विंटेट, पाच तंतुवाद्यांची रचना. १८२८ साली, मृत्यूच्या दोनेक महिने आधी, वयाच्या ३१व्या वर्षी त्याने हे लिहिलं आणि जाहीर मैफलीत ते पहिल्यांदा वाजलं १८५० साली. दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं), दोन चेलो (त्याहून मोठे, खालच्या स्वरांचे). मोझार्ट अशा पाच वाद्यांत व्हिओला दोन घ्यायचा, शूबर्टने चेलो दोन घेतले. माझं सगळं ऐकणं त्या दुसऱ्या चेलोपाशीच येऊन थांबतं.

चार रेकॉर्डिंग अशी: हॉलिवूड स्ट्रिंग क्वार्टेट (क्वार्टेट म्हणजे चौघांचा संच) आणि पाहुणा चेलोवादक कुर्ट रेहर (१९५१), फ्रान्समधल्या प्राद इथलं चेलोवादक कासाल्स, आयझॅक स्टर्न, तोर्तेलिए वगैरे मंडळींचं (१९५२), आल्बान बेर्ग क्वार्टेट आणि हाइनरिख शिफ (१९८२), आणि पावेल हास क्वार्टेट व दान्युलो इशिझाका (२०१३). पहिली दोन मोनो (दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज), पुढची दोन स्टिरिओ.

पहिले दोन महिने जवळपास वाया गेले. माझे स्पीकर लहान होते, चार इंची वूफरचे (वूफर म्हणजे खालचे स्वर वाजवणारा भाग). चेलोची सगळ्यात खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास बोलते आणि तिथे त्या स्पीकरांचा दम संपायचा. त्यात घर रुळांपासून लांब नाही. मालगाडी गेली की खालचे स्वर गाडीच्या घरघरीतच मिसळून जायचे. कासाल्सच्या रेकॉर्डिंगमध्ये दुसरा चेलो 'दबलेला' आहे असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. दिवाळीनंतर साडेसहा इंची वूफरची जुनी जोडी मिळाली आणि ते पान खोडावं लागलं. चेलो तिथे होताच, माझ्या खोलीपर्यंत पोचत नव्हता.

खोलीचंही तसंच. खाली चकचकीत टाइल्स, वर स्लॅब, तीन भिंती मोकळ्या. टाळी वाजवली की आवाज घुमायचा. जमिनीवर सतरंजी टाकली, स्पीकरसमोरच्या भिंतीवर आईच्या हातची जाड गोधडी टांगली. एवढ्याने जो फरक पडला तो महागड्या वायरने पडला नसता, हे मी खात्रीने सांगतो.

तुलना करणाऱ्याने सगळ्यात आधी आवाजाची पातळी सारखी करावी. एखादं रेकॉर्डिंग एखाद-दोन डेसिबलने मोठं लागलं तर कानाला ते 'मोठं' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं. माझ्याकडची हॉलिवूडची प्रत मोठ्याने लागायची आणि मी तिच्या 'जिवंतपणा'वर भाळलो होतो. मग फोनमधलं आवाज मोजायचं अ‍ॅप खुर्चीच्या उशापाशी ठेवून प्रत्येक वेळी त्याच जागेचा आवाज जुळवू लागलो. त्यानंतरही हॉलिवूड मला आवडतंच, पण आता का आवडतं ते सांगता येतं. त्यातले बरेच जण स्टुडिओंच्या वाद्यवृंदांत सिनेमासाठी वाजवणारे. बोटं इतकी तयार, की अवघड जागीही धडपड जाणवत नाही.

आणखी एक. एकूण वेळ पाहून लय ठरवू नका. पहिल्या भागाचा सुरुवातीचा खंड पुन्हा वाजवावा असं शूबर्टने लिहिलंय. कुणी वाजवतं, कुणी गाळतं, आणि तेवढ्यानेच पाचेक मिनिटांचा फरक पडतो.

अख्खी रचना लागोपाठ चारदा ऐकूनही काही हाती लागत नाही, कान थकतो. मी दुसऱ्या भागातल्या, म्हणजे संथ अडाज्योमधल्या, तीनच जागा धरल्या. सुरुवातीला मधली तीन वाद्यं लांब स्वर धरून बसतात, वर पहिलं व्हायोलिन अधूनमधून काही बोलतं आणि खाली दुसरा चेलो तार छेडतो. हे ई मेजरमध्ये. मग अचानक एफ मायनर: षड्जच अर्धा स्वर वर सरकतो आणि गंधार कोमल होतो. लहानपणापासून तानपुऱ्यावर ऐकलेल्या कानाला हा धक्का जबरदस्त बसतो. वादळ ओसरलं की पहिलीच धून परत येते, पण आता तिच्याखाली दुसरा चेलो बारीक, वेगवान स्वरांत सतत सरकत राहतो. ही तिसरी जागा माझी कसोटी. आल्बान बेर्गमध्ये ते स्वर एकेक वेचून घ्यावेत इतके स्वच्छ. पावेल हासमध्ये मला त्यात धडधड ऐकू येते. कासाल्सच्या रेकॉर्डिंगमध्ये स्वर तितके सुटे नाहीत, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आपण ज्याला मींड म्हणू तसं, तिथे भरपूर आहे, आणि मधूनच म्हाताऱ्या कासाल्सचं हुंकारणंही कानावर येतं. हेडफोनवर मला ते खटकायचं. स्पीकरवर तोच हुंकार समोर बसलेल्या माणसाचा वाटतो. मोनो रेकॉर्डिंग हेडफोनवर डोक्याच्या मधोमध अडकून बसतं, म्हणून पहिली दोन शक्यतो स्पीकरवरच ऐका.

मूळची पारोळ्याची माझी आई जानेवारीत, चुलीवर भरिताची वांगी भाजताना, कासाल्सचं अडाज्यो ऐकून आत आली आणि म्हणाली, "हाई कोन रडी ऱ्हायनं?" बाकी तिन्ही रेकॉर्डिंग तिने पूर्वी ऐकली होती, तेव्हा काहीच विचारलं नव्हतं. मी ते वहीत तारखेसह लिहून ठेवलंय.

एप्रिल-मे अवघड. पारा ४४-४५वर, कूलर बंद करणं शक्य नाही, आणि कूलरच्या आवाजात अडाज्योची सुरुवात नुसती वारा होऊन जाते. मग पहाटे साडेचारला उठायला लागलो. गार फरशी, पंखाही बंद. खालची छेडलेली तार इतकी स्पष्ट मी हिवाळ्यातही ऐकली नव्हती. पावेल हासचं मोल मला तेव्हा कळलं. त्यांचं हळू, म्हणजे बारीक आवाजात वाजवणं, खरोखर हळू आहे. दिवसा ते हरवतं म्हणून मी त्यांना कमी लेखत आलो होतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आधी आल्बान बेर्ग सुचवेन, सगळं स्वच्छ दिसतं म्हणून. कासाल्स दुसरं. पण माझ्या हाताला आपसूक लागते ती कासाल्सचीच सीडी. एका विक्रेत्याकडून ती चरा पडलेली आली आणि पहिल्या भागात एका ठिकाणी अडकते. बदलून मिळाली नाही, तरी तीच लावतो.

आता शेवटच्या भागाची शेवटची दोन मिनिटं धरलीत. गती वाढत वाढत सगळे एकत्र येतात आणि अखेरच्या षड्जावर उतरण्याआधी कोमल ऋषभाचा एक ठसका देतात. मैफल जिथे निवांत षड्जावर विसावायला हवी, तिथे हा बोचरा स्वर. हॉलिवूडमध्ये तो मला चटकन निघून गेल्यासारखा वाटतो, पावेल हासमध्ये दाबून दिल्यासारखा. आवाज जुळवून ते पुन्हा ऐकायचं बाकी आहे, पहिला पाऊस पडून कूलर बंद झाला की.