रात्रीच्या ओहोटीला इक्विनॉक्स ९०० : काही महिन्यांच्या वापरानंतर

मिनलॅबचा इक्विनॉक्स ९०० हा मेटल डिटेक्टर मी ऑक्टोबरपासून वापरतेय, आणि जवळजवळ सगळा वापर रात्रीचाच. इंग्लंडात हिवाळ्यात चारलाच अंधारून येतं, ऑफिस सुटतं पाचला. मग ओहोटी रात्री आठला असेल तर आठलाच जायचं. शेतात रात्री डिटेक्टर घेऊन फिरलं की इथे सरळ चोरीचा संशय येतो, त्यामुळे माझं काम फक्त परवानगी असलेल्या पुळणीवर, तेही सोबत घेऊन. सॉमरसेटच्या या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरांच्या पुढे जातो. पाणी खूप लांब जातं आणि भराभर परत येतं. त्यात वाळूच्या पलीकडचा चिखल माणसाला खेचून घेतो. अंधारात त्या चिखलात पाऊल टाकायचं नाही, आणि पाणी उलटायच्या आधी वर यायचं. यंत्र कितीही चांगलं असलं तरी हे दोन नियम मोडू नका.

रात्रीसाठी हे यंत्र घ्यावंसं वाटलं ते लाल प्रकाशामुळे. डोळे अंधाराला नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या उजेडाकडे एकदा बघितलं की ती सगळी मेहनत वाया जाते. इक्विनॉक्स ९०० चा पडदा आणि बटणं लाल उजेडात दिसतात, त्यामुळे नजर टिकते. यंत्राच्या पुढच्या बाजूचा टॉर्च मी फक्त खड्डा बुजवताना लावते. धातू लागला की हँडल थरथरतं, ते आधी मला नुसती हौस वाटली होती. पण वारा सुटला की हेडफोनमधला बारीक आवाज निसटतो आणि हाताला ती थरथर बरोबर कळते.

आता मिश्र सिग्नलबद्दल, म्हणजे लोखंड आणि दुसरा धातू एकत्र ऐकू येतात त्याबद्दल, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पडद्यावर उणे १९ पासून ९९ पर्यंत आकडे येतात. शून्यापर्यंतचे लोखंडाचे आणि एकपासून पुढचे इतर धातूंचे. प्रत्यक्षात किनाऱ्याच्या वरच्या पट्ट्यात, जिथे जुन्या लाकडी बांधकामाचे खिळे पडलेत, तिथे आकडा एका जागी थांबतच नाही. ८० च्या वर उडतो, लगेच उणे होतो. अशा वेळी पडदा बघणं सोडून द्यावं आणि कान द्यावा. मी सगळे टोन चालू ठेवते, म्हणजे प्रत्येक आकड्याला वेगळा स्वर मिळतो आणि लोखंडाची घरघर खाली वेगळी ऐकू येते.

गंजका खिळा, विशेषतः वाकलेला, उंच स्वर काढून फसवतो. पण तो स्वर तुटका असतो, कॉइल (यंत्राच्या खालची, जमिनीवरून फिरवायची चकती) फिरवण्याच्या टोकाला येतो आणि जागा बदलतो. नाणं असेल तर स्वर आखूड, गोल आणि दर फेरीला त्याच जागी. म्हणून एका दिशेने ऐकून झालं की नव्वद अंशात फिरून पुन्हा ऐकायचं. त्यानंतर पिनपॉइंट, म्हणजे वस्तूची नेमकी जागा दाखवणारं बटण, दाबायचं. उंच स्वराची जागा आणि पिनपॉइंटची जागा एक आली तर खणायचं. दोन्हींत वीतभर अंतर पडलं तर बहुधा लोखंडच. कॉइल थोडी वर उचलून बघणंही कामाचं आहे, कारण मोठा लोखंडी तुकडा उंचावरूनही ओरडत राहतो.

जानेवारीतलं एक उदाहरण सांगते. समुद्राकडून जमिनीकडे कॉइल फिरवली तर नुसती घरघर. किनाऱ्याला समांतर फिरवली तर त्या घरघरीत एक छोटा स्वच्छ स्वर, दर वेळी तिथेच. आयर्न बायस (मिश्र सिग्नल कितपत लोखंड धरायचा, ही सेटिंग) शून्यावर आणला, रिकव्हरी स्पीड (एका वस्तूनंतर शेजारची किती लवकर वेगळी ऐकू यावी, ती सेटिंग) सहावर नेला, तसा स्वर घरघरीपासून सुटा झाला. वाळूत गुंतलेला गंजाचा गठ्ठा निघाला, आणि त्याच्या बाजूला, जेमतेम चार बोटं अंतरावर, १९३६ चा सिक्सपेन्स, म्हणजे सहा पेनीचं जुनं नाणं. पंचम जॉर्जचा चेहरा बोटांनाच कळला. १९२० ते १९४६ मधली ही नाणी निम्मी चांदीची, म्हणून एवढ्या लोखंडातही तिचा स्वर तरला. आयर्न बायस वाढवलेला असता तर यंत्राने तो सगळा ढीग लोखंड म्हणून गप्प केला असता.

याचा अर्थ बायस कायम शून्यावर ठेवायचा असा मात्र नाही. जिथे लोक पार्ट्या करतात तिथे बाटल्यांची बुचं पसरलेली असतात. ती चपटी आणि स्टीलची, त्यामुळे नाण्याची हुबेहूब नक्कल करतात. तिथे बायस वर न्यावा. नव्या चिल्लरीचंही तेच. १९९२ नंतरची बहुतेक एक आणि दोन पेनीची नाणी आतून स्टील, वर तांब्याचा मुलामा, म्हणून आकडा डगमगतो. ती सुटली तरी मला हळहळ नाही. कॅनच्या कड्या मात्र मी सगळ्या खणते. सोन्याची अंगठीही त्याच आकड्यांत येते, आणि ही अडचण कुठल्याच डिटेक्टरला सुटलेली नाही.

ओल्या खाऱ्या वाळूत बीच मोड, दर वेळी नॉइज कॅन्सल (आजूबाजूचा विद्युत गोंगाट टाळायला), मग ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा सिग्नल वजा करायला). एवढं केलं की यंत्र शांत राहतं. बॅटरी रात्रभराला भरपूर पुरते. वाळू उपसून चाळायचा स्कूप मात्र स्वस्तातला घेऊ नका. माझ्या पहिल्याचं वेल्डिंग महिन्याभरात सुटलं.

हे यंत्र भारतात आणून गडकिल्ल्यांवर फिरवता येईल का, असं चुलतभावाने विचारलं. मी स्पष्ट नाही म्हटलं, आणि तुम्हालाही तेच सांगते. संरक्षित स्मारकांच्या जागेत विनापरवाना खणणं गुन्हा आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा कायदा १८७८ पासूनचा. इथेही १९९६ च्या कायद्याप्रमाणे खजिना ठरू शकेल असं काही मिळालं तर १४ दिवसांत कळवायचं असतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती ही माहिती एकदा खणली की कायमची गेली. किल्ल्यावर ते नुकसान भरून येत नाही.

वरच्या खिळ्यांच्या पट्ट्यात आता ११ इंची कॉइल काढून बरोबर आलेली ६ इंची लावते. एका वेळी कमी लोखंड खाली येतं, स्वर सुटे होतात, खोली थोडी जाते. मार्चच्या मोठ्या उधाणाला याच कॉइलने धक्क्याजवळचा भाग नीट पिंजून काढणार आहे.